'वन'चा कंटेनर, नंबर मात्र एनवायकेचा: भानगड काय?

दिंडोरी_पॅकहाउस
द्राक्षांसाठी रीफर (थंड कंटेनर) बुक केला 'वन' या जहाजकंपनीकडे. आलेल्या कंटेनरचा नंबर 'एनवायकेयू'ने सुरू होतो आणि बिल ऑफ लेडिंगवर (जहाजकंपनीने माल घेतल्याची पावती) सिंगापूरची कंपनी. एनवायके म्हणजे ती जुनी जपानी बोटकंपनीच ना? विकली गेली का? कागदपत्रांत काही अडचण येईल का?

मनमाड_जंक्शन
विकली नाही. निप्पॉन युसेन (म्हणजेच एनवायके), मित्सुई ओ.एस.के. आणि के लाइन या तिघींनी आपापला कंटेनरचा धंदा २०१७ मध्ये एकत्र केला, तीच 'ओशन नेटवर्क एक्सप्रेस', म्हणजे वन. एनवायकेचा हिस्सा ३८ टक्के, बाकी दोघींचा ३१-३१. कामकाज १ एप्रिल २०१८ पासून, कारभार सिंगापूरहून. मोटारी वाहणारी जहाजं, एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू), कोळसा-खनिज हे सगळं एनवायके आजही स्वतःच चालवते. म्हणून कंटेनरवर जुना नंबर राहतो आणि करार वनशी होतो. मालाचं नुकसान झालं तर क्लेमचं पत्र वनच्या नावाने द्यायचं, एनवायकेच्या नाही.

सराफबाजार
एनवायकेच्या मुळाशी मित्सुबिशी आहे, पण निम्मीच. इवासाकी यातारोची मित्सुबिशी बोटकंपनी आणि तिला शह द्यायला सरकारच्या पाठबळाने १८८२ मध्ये काढलेली क्योदो उन्यु, या दोघी भाडी पाडून पाडून डबघाईला आल्या. १८८५ मध्ये सरकारने मध्ये पडून त्यांचं लग्न लावलं, तीच एनवायके; वर १५ वर्षं ८ टक्के लाभांशाची हमी दिली. पांढऱ्या झेंड्यावरचे दोन लाल पट्टे म्हणजे या दोन कंपन्या, असं सांगतात.

आपल्याकडच्यांनी वाचावं ते पुढचं. तेव्हा मुंबई-जपान वाहतूक पी अँड ओ ही ब्रिटिश बोटकंपनी आणि तिच्या जोडीदार कंपन्यांच्या कॉन्फरन्सच्या मुठीत होती. कॉन्फरन्स म्हणजे आपसांत भाडं ठरवणारी टोळी, दुसरं काही नाही. ओसाका-कोबेच्या गिरण्यांना रुई हवी होती. खानदेश-वऱ्हाडच्या गाठी मनमाडवरून रेल्वेने मुंबईला यायच्या. जमशेटजी टाटांशी बोलणी होऊन ७ नोव्हेंबर १८९३ ला 'हिरोशिमा मारू' कोबेहून मुंबईला निघाली. जपानची दूरच्या समुद्रातली ती पहिली नियमित लाइन.

पी अँड ओने टनामागे १७ रुपयांच्या घरातलं भाडं दोनच्याही खाली आणलं. मुंबईचे व्यापारी स्वस्ताईमागे गेले, टाटांनी याच मार्गावर काढलेली लाइन बसली. एनवायके टिकली, कारण जपानी गिरण्यांच्या संघाने आपली रुई तिच्याच बोटींतून आणायचा करार केला होता आणि समोर जवळजवळ फुकट भाडं असूनही तो मोडला नाही. परतीचा माल पक्का नसेल तर बोट कितीही चांगली असो, इंधनाचा खर्चसुद्धा निघत नाही. १८९६ मध्ये पी अँड ओशी तडजोड झाली. त्याच वर्षी युरोप, सिॲटल आणि ऑस्ट्रेलियाच्या लाइनी सुरू झाल्या, त्याही सरकारी अनुदानावर.

दिंडोरी_पॅकहाउस
म्हणजे टाटा हरले आणि जपानी जिंकले. मग महायुद्धात?

मनमाड_जंक्शन
एनवायकेची १८५ जहाजं बुडाली. मोठ्या प्रवासी जहाजांपैकी १९३० चं 'हिकावा मारू' वाचलं, युद्धात ते रुग्णालय-जहाज होतं. आता योकोहामाच्या धक्क्यावर पाहायला मिळतं. १९६४ मध्ये सरकारने कंपन्यांचे सहा गट पाडले, तेव्हा 'मित्सुबिशी शिपिंग' एनवायकेत आली. १९६८ चं 'हाकोने मारू' हे जपानचं पहिलं पूर्ण कंटेनर जहाज. फक्त ७५२ टीईयू, म्हणजे वीस फुटी कंटेनर!

जेनसेट_चालू_ठेवा
इतिहास झाला, आता कागद. पहिली चार अक्षरं मालकाची ओळख, पुढे सहा आकडे आणि शेवटी चौकटीतला ताळ्याचा आकडा. पोर्टलने नंबर नाकारला तर बहुधा दोन आकडे उलटसुलट झालेले असतात. असं तपासा:

एन २५, वाय ३७, के २१, यू ३२. आकडे जसेच्या तसे. डावीकडून प्रत्येकाला १, २, ४, ८ असं दुप्पट करत ५१२ पर्यंत गुणा, सगळी बेरीज करा, ११ ने भागा. बाकी हाच शेवटचा आकडा. बाकी १० आली तर ०. आकडे १२३४५६ असतील तर बेरीज ५५७५, बाकी ९.

नंबर पॅकहाउसला सील लावतानाच दारावरून फोटो काढून घ्या, ड्रायव्हरने फोनवर सांगितलेला लिहू नका. फॉर्म १३ (बंदरात कंटेनर आत घेण्याचा कागद) आणि शिपिंग बिलात (कस्टम्सचा निर्यातीचा कागद) फरक पडला की गाडी बंदराच्या गेटबाहेर अडकते. तेवढ्यात जेनसेटचं (कंटेनर थंड ठेवणारा जनरेटर) डिझेल संपलं तर उणे अर्ध्या अंशावरची द्राक्षं तापायला लागतात, मण्यांवर पाणी सुटतं आणि मग पेटीत बुरशीविरुद्ध ठेवलेला सल्फरचा पॅड नको तितका वायू सोडतो. मणी पांढरे पडलेले युरोपात पेटी उघडल्यावरच कळतं. आणि मालकाचं नाव जुनं आहे म्हणून कंटेनर परत पाठवू नका. शेवटचा पीटीआय (प्रवासाआधीची रीफरची तपासणी) कधी झालाय एवढं मात्र विचाराच.