जुनं व्हर्जन निघत नाही, नवीन बसत नाही (एरर १७१४ आणि मग १६०३)

दौतलेखणी:
नमस्कार मंडळी, चार दिवस याच्यातच जातायत म्हणून शेवटी इथे विचारतेय. घरचा डेस्कटॉप, विंडोज ११. स्कॅनरचं सॉफ्टवेअर अपडेट करायला घेतलं तर पट्टी अर्ध्यावर येऊन थांबते आणि मेसेज येतो की जुनं व्हर्जन काढता येत नाही, एरर १७१४, त्याच चौकटीत शेवटी सिस्टिम एरर १६१२ असंही लिहिलेलं असतं, ओके दाबलं की १६०३ दाखवून सेटअप बंद. म्हटलं आधी जुनं आपणच काढू, तर अनइन्स्टॉल दाबल्यावर म्हणतं की तुम्हाला हवी ती गोष्ट नेटवर्कवर उपलब्ध नाही आणि एक फाइल कुठे आहे ते दाखवा म्हणून ब्राउजचं बटण देतं. नेटवर्कचा काय संबंध, सॉफ्टवेअर तर याच कॉम्प्युटरवर आहे ना?

मग वैतागून प्रोग्रॅम फाइल्समधलं त्याचं अख्खं फोल्डर डिलीट केलं, तरी यादीत नाव आहेच आणि एरर पण तीच. रीस्टार्ट करून झालं, अँटिव्हायरस बंद करून पाहिला, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवून पाहिलं. अजून एक, संबंध आहे का माहीत नाही, दोनेक महिन्यांपूर्वी सी ड्राइव्ह लाल झाला होता तेव्हा विंडोजमधे इन्स्टॉलर नावाचं एक लपलेलं फोल्डर सापडलं, खूप मोठं होतं, त्यातल्या जुन्या तारखांच्या फाइल्स मी उडवल्या, रिसायकल बिन पण रिकामा केला. बाबांची जुनी पत्रं स्कॅन करायला घेतलीत, कागद हात लावला की तुटतायत, त्यामुळे हे लवकर सुटायला हवंय. प्लीज मदत करा.

टकटक:
मला असंच झालेलं खूप वर्षांपूर्वी. मायक्रोसॉफ्टचंच विंडोज इन्स्टॉलर क्लीनअप युटिलिटी म्हणून छोटं टूल होतं, ते चालवलं की यादीतून नाव जायचं. नाहीतर एखादा रजिस्ट्री (विंडोजची सेटिंग्ज आणि सॉफ्टवेअरची नोंदवही) क्लीनर टाकून सगळं साफ करा, पाच मिनिटांचं काम.

जुनाखिळा:
टकटक, राग मानू नका पण यातलं काहीच सुचवू नका हो. ते क्लीनअप टूल मायक्रोसॉफ्टने स्वतःच २०१० मधे मागे घेतलं, कारण त्यानं कॉम्प्युटरवरच्या दुसऱ्या गोष्टी बिघडायच्या. आता ते जिथे कुठे मिळतं तिथून घेणं म्हणजे अजून एक धोका. आणि रजिस्ट्री क्लीनरला कुठली नोंद कशासाठी आहे ते कळत नाही, तो सरसकट पुसतो.

दौतलेखणी, तुम्ही शेवटी जाता जाता जे लिहिलंय ना, सगळं दुखणं तिथेच आहे. १६०३ कडे आत्ता बघूच नका, तो फक्त "जमलं नाही" एवढंच सांगतो, शंभर कारणांना तोच एक नंबर. तुमच्या मेसेजमधला कामाचा नंबर १६१२. त्याचा अर्थ असा की हे सॉफ्टवेअर ज्या फाइलवरून बसवलं ती मूळ फाइल विंडोजला सापडत नाहीये. एमएसआय (विंडोजमधे सॉफ्टवेअर बसवायच्या फाइलचा एक प्रकार) पद्धतीचं कुठलंही सॉफ्टवेअर बसवताना विंडोज त्या एमएसआय फाइलची एक प्रत त्या इन्स्टॉलर फोल्डरमधे ठेवून देतं, नाव भलतंच देतं, आकडे आणि अक्षरं, त्यामुळे बघणाऱ्याला कचरा वाटतो. पण काय काय कुठे ठेवलं आणि ते परत कसं उचलायचं हे त्या प्रतीत लिहिलेलं असतं. रिपेअर, अपडेट, अनइन्स्टॉल, सगळं तीच वाचून होतं. ती नसली की विंडोज जिथून पहिल्यांदा बसवलं ती जागा शोधतं, तीही नसली की "नेटवर्कवर नाही" म्हणतं. नेटवर्कचा खरंच काही संबंध नाही, तो मेसेजच तसा लिहिलेला आहे.

तर करायचं असं. सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीत जुन्या सॉफ्टवेअरचा व्हर्जन नंबर बघा, शेवटच्या आकड्यापर्यंत लिहून घ्या. नेमका त्याच व्हर्जनचा सेटअप मिळवा, सीडी असेल, जुन्या बॅकअपमधे असेल, कंपनीच्या साइटवर जुनी व्हर्जन्स ठेवलेली असतात कधीकधी. तो ईएक्सई, म्हणजे थेट चालणारी प्रोग्रॅम फाइल, असेल तर चालवा आणि पहिल्याच पडद्यावर थांबा, नेक्स्ट दाबू नका, कारण बरेच सेटअप तेवढ्यात आतली एमएसआय फाइल टेम्प (तात्पुरत्या फाइल्सच्या) फोल्डरमधे उलगडतात, ती तिथून उचलून डेस्कटॉपवर कॉपी करा. मग सेटअप कॅन्सल करा, अनइन्स्टॉल दाबा आणि त्या ब्राउजला ही फाइल दाखवा. फाइलचं नाव बदलू नका हां, विंडोज नाव पण तपासतं. त्याआधी रीस्टोअर पॉइंट करून ठेवा, म्हणजे काही बिघडलं तर विंडोज आधीच्या स्थितीला परत नेता येतं.

घरचा_मेकॅनिक:
वरचं सगळं बरोबर. एक जोडतो, सेफ मोडमधे (अगदी गरजेपुरत्या गोष्टींवर विंडोज सुरू होतं तो प्रकार) जाऊन काढायचा प्रयत्न करू नका, खूप लोक तेच करतात. सेफ मोडमधे विंडोज इन्स्टॉलरची सर्व्हिस मुळात चालूच नसते, त्यामुळे तिथे एमएसआयवालं सॉफ्टवेअर निघत नाही आणि वर अजून एक नवीन एरर दिसते, मग माणूस त्याच्या मागे लागतो.

दौतलेखणी:
जुनाखिळा, इतकं समजावून सांगितलंत, मनापासून आभार. ते फोल्डर उडवताना असं काही असेल हे मनातही आलं नव्हतं. जुना सेटअप बाहेरच्या हार्डडिस्कवर सापडला! व्हर्जन तंतोतंत तेच. तुम्ही म्हणालात तसं पहिल्या पडद्यावर थांबले, टेम्पमधे खरंच एमएसआय होती. ती दाखवल्यावर १६१२ गेला, पट्टी पुढे सरकली, मला वाटलं झालं, आणि नव्वद टक्क्यांच्या आसपास येऊन उलटी फिरली. परत १६०३. आता?

जुनाखिळा:
चांगलं झालं, आपण एक पायरी पुढे आलो. आता लॉग, म्हणजे काढताना काय काय घडलं त्याची नोंद, काढा, अंदाजानं काही करायला नको. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, त्यात एमएसआयएक्झेक टाइप करा (सगळं इंग्रजीत, सलग), मग स्पेस देऊन स्लॅश एक्स, मग डबल कोट्समधे त्या एमएसआयचा पूर्ण पत्ता, मग स्पेस, स्लॅश एल स्टार व्ही, मग स्पेस देऊन लॉग कुठे ठेवायचा ती जागा आणि नाव. स्लॅश एक्स म्हणजे काढणे, एल स्टार व्ही म्हणजे सगळं सविस्तर लिहून ठेव. फेल झालं की ती टेक्स्ट फाइल नोटपॅडमधे उघडा, हजारो ओळी असतील, घाबरू नका, फाइंडमधे रिटर्न व्हॅल्यू ३ एवढंच शोधा. पहिल्यांदा जिथे सापडेल त्याच्या वरच्या दहा-पंधरा ओळी वाचा, गाडी तिथेच अडलेली असते. त्याखालच्या ओळी नुसतं केलेलं परत फिरवण्याच्या, त्या सोडून द्या.

दौतलेखणी:
सापडलं. रिटर्न व्हॅल्यू ३ च्या वर एरर १७२१ आहे आणि त्यात एका ईएक्सईचा पत्ता आहे, मी डिलीट केलेल्या त्या प्रोग्रॅम फाइल्समधल्या फोल्डरचाच.

जुनाखिळा:
मग उलगडा झाला की. या सॉफ्टवेअरला जाता जाता स्वतःचाच एक छोटा प्रोग्रॅम चालवायचा असतो, स्कॅनरच्या बाबतीत बहुतेक ड्रायव्हर मोकळा करायला, आणि तो प्रोग्रॅम आता जागेवर नाही. १७२१ चा अर्थच तो, लागणारा प्रोग्रॅम चालवता आला नाही. म्हणजे काढायच्या आधी ते परत धड करावं लागणार. डेस्कटॉपवरच्या एमएसआयवर राइट क्लिक करा, शो मोअर ऑप्शन्स, तिथे रिपेअर दिसेल. रिपेअर पूर्ण होऊ द्या, फोल्डर परत आलंय का बघा, रीस्टार्ट करा, आणि मग अनइन्स्टॉल.

वाटाड्या७:
मधेच विचारतो, माझ्याकडे १६१८ येतंय, हाच प्रकार का?

घरचा_मेकॅनिक:
नाही, तो साधा आहे. १६१८ म्हणजे दुसरं काहीतरी इन्स्टॉल होणं आधीच चालू आहे, एका वेळी एकच चालतं. बहुतेक वेळा मागे विंडोज अपडेट चालू असतं. ते होऊ द्या, मग रीस्टार्ट करून परत करा. टास्क मॅनेजरमधून उगाच काही मारू नका.

दौतलेखणी:
झालं!! रिपेअरनं फोल्डर परत आलं, रीस्टार्ट केलं, अनइन्स्टॉल एका फटक्यात, नवीन व्हर्जन पण बसलं. पहिलं पत्र आत्ताच स्कॅन केलं, बाबांचं अक्षर स्क्रीनवर मोठं करून बघत बसले होते. तुम्हा सगळ्यांचे खूप खूप आभार. पण एक भीती राहिलीच, मी तर त्या फोल्डरमधल्या कितीतरी फाइल्स उडवल्यात, बाकीच्या सॉफ्टवेअरचं काय? मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवरून ते फोल्डर कॉपी करून आणलं तर?

जुनाखिळा:
वाचून फार बरं वाटलं.

मैत्रिणीकडून आणून उपयोग नाही, त्या फाइल्सची नावं प्रत्येक कॉम्प्युटरवर वेगळी असतात. डिलीट करण्याआधीचा पूर्ण सिस्टिम बॅकअप असता तर त्यातून आणता आल्या असत्या. नसेल तर बाकीची सॉफ्टवेअर्स चालायला काही अडचण नाही, अडतील ती अपडेट किंवा अनइन्स्टॉल करताना, आणि तेव्हा हाच मार्ग, त्याच व्हर्जनचा सेटअप आणून दाखवायचा. म्हणून मी तुमच्या जागी असतो तर आत्ताच यादी काढून महत्त्वाच्या सॉफ्टवेअरचे सेटअप त्या बाहेरच्या हार्डडिस्कवर व्हर्जन नंबरसकट गोळा करून ठेवले असते. एखाद्याचा सेटअप कुठेच मिळाला नाही तर मायक्रोसॉफ्टचा प्रोग्रॅम इन्स्टॉल अँड अनइन्स्टॉल ट्रबलशूटर आहे, तो फक्त तुम्ही निवडलेल्या सॉफ्टवेअरच्या बिघडलेल्या नोंदी काढतो, मग नवीन बसायला वाट मोकळी होते. पण तो शेवटचा उपाय धरा, नोंदी गेल्या तरी जुन्या फाइल्स तिथेच पडून राहू शकतात, त्या नंतर बघाव्या लागतात.

आणि सी ड्राइव्ह परत भरला तर सेटिंग्जमधे सिस्टिम, स्टोरेज, तिथे टेम्पररी फाइल्स. तिथल्या यादीत डाउनलोड्सवर टिक आहे का तेवढं आधी बघा, स्कॅन केलेली पत्रं तिथे सेव्ह होत असतील तर ती पण जातील.

दौतलेखणी:
बापरे, तिथेच सेव्ह होतायत. आत्ता हलवते.