मराठीत साय-फाय सुचवायचं म्हटलं की पहिलं नाव नारळीकरांचंच का?

अर्धवट वाचक

भाची अकरावीत आहे. इंग्रजीतले ड्रॅगन आणि जादूच्या शाळा कोळून प्यायलीय. परवा म्हणाली, "मामा, मराठीत असलं काही आहे का, की नुसती चाळ आणि दुष्काळ?" मला राग आला, पण पटकन उत्तर सुचेना. ऑफिसातल्या वाचणाऱ्या मंडळींना विचारलं. सगळ्यांच्या तोंडी एकच नाव: खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर.

आता शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. नारळीकरांचं ऋण मान्यच आहे. १९७४ साली त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावानं, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. पहिलं बक्षीस मिळालं. मोठ्या नावाच्या शिफारशीवर नव्हे, कथेच्या जोरावर. पण पन्नास वर्षांनंतरही सोळा वर्षांच्या पोरीला तिथूनच आत आणायचं का? त्यांच्या कथांतल्या माणसांना आडनाव असतं, हुद्दा असतो, बाकी काही नसतं. एकजण विचारतो, "म्हणजे नेमकं काय?" आणि दुसरा दोन पानं समजावून सांगतो.

माझी यादी: आधी जी. ए. कुलकर्णींच्या 'रमलखुणा'तल्या 'प्रवासी' आणि 'इस्किलार', मग नारायण धारप, मग जमलं तर नारळीकर. बोला.

खडूफळा

तुमची यादी वाचून हसू आलं. मी एकतीस वर्षं शाळेत शिकवलंय. मुलं पुस्तक कुठे मिटतात हे मला बऱ्यापैकी कळतं.

नारळीकरांची 'उजव्या सोंडेचा गणपती' वाचलीत का अलीकडे? माणूस आरशातल्यासारखा डावा-उजवा उलटा होतो, आणि साध्या गणपतीची सोंड उजवीकडे वळते. उजव्या सोंडेचा गणपती कडक, त्याचं सोवळंओवळं सांभाळावं लागतं, हे आपल्या घरात लहान मूलही ऐकून असतं. त्या समजुतीत भूमिती नेऊन बसवायची! भाषांतर करून बघा या कथेचं, अर्धी गंमत विमानतळावरच राहील. आणि तुम्ही म्हणता पात्रांना फक्त आडनाव आहे.

'गंगाधरपंतांचे पानिपत' तर तुमच्या भाचीला कदाचित ठाऊकही असेल. ती सीबीएसईला असली तर अकरावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात ती आहे, कापूनछाटून, 'द ॲडव्हेंचर' या नावानं. मूळ मराठीत द्या तिला.

बगळेबुवा

गंगाधरपंतांचं नाव निघालंच आहे तर तीच कथा घेऊ. पानिपतावर विश्वासराव वाचले, मराठे जिंकले, आणि इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत त्या वेगळ्या वाटेनं गेलेल्या मुंबईत जाऊन पोचतात. टाउन हॉलच्या ग्रंथालयात इतिहास चाळत बसतात. आझाद मैदानावरच्या सभेत अध्यक्षांची रिकामी खुर्ची बघून थेट व्यासपीठावर चढतात. इथवर झकास. पुढे राजेंद्र देशपांडे येतात आणि आपत्ती सिद्धांत (कॅटॅस्ट्रॉफी थिअरी) नि पुंज यांत्रिकी (क्वांटम मेकॅनिक्स) समजावतात. माझा चहा तिथेच गार होतो, दर वेळी.

खडूफळा

तुमचा चहा गार होतो, कारण तुम्ही खिशातला कागद विसरता! पंतांच्या खिशात बखरीचं एक फाटकं पान उरतं. त्यात गोळी विश्वासरावांच्या कानाला चाटून गेली असं छापलंय. इथल्या बखरीच्या प्रतीत तीच गोळी त्यांना लागते. एवढ्या एका ओळीच्या फरकावर अख्खी कथा उभी आहे. राजेंद्रचं व्याख्यान पाव भाग कापलं तर मीही टाळ्या वाजवीन, पण ते पान? ते लिहायला इतिहास रक्तात असावा लागतो. १७६१ हा आकडा ज्याच्या घरात अजून दुखतो, त्यालाच ती कथा पूर्ण कळते.

अर्धवट वाचक

पानाचा मुद्दा मान्य, शंभर टक्के. व्याख्यानाचा नाही. आणि 'कापलं तर' म्हणून तुम्हीच माझं अर्धं काम केलंत.

तिखटजाळ

अहो मामा, 'रमलखुणा' सोळाव्या वर्षी? आमच्याकडे पोरांना पोहायला शिकवायला विहिरीत ढकलत. बहुतेक वर यायची, पण पाठीला सुकडी, म्हणजे तरंगणारं हलकं लाकूड, बांधलेली असायची हो! जीएंची वाक्यरचना, त्या प्रतिमा, ती नियती... सुकडीशिवाय ढकलताय तुम्ही. पोरगी मराठीचं नाव काढणार नाही पुन्हा.

शिवाय 'इस्किलार'ला फॅन्टसी म्हणणं मला पटत नाही. ती रूपककथा आहे. तिथलं जग हे निमित्त, खरा विषय माणूस आणि त्याच्या कपाळावर लिहिलेलं.

अर्धवट वाचक

हे मराठी समीक्षेचं जुनं दुखणं. कथा चांगली निघाली की ती 'रूपक', 'मिथक', 'आदिबंध'. फसली की 'अद्भुतरम्य'. अहो, जो भूगोल कुठल्या नकाशात नाही, तिथली माणसं, तिथले रिवाज लेखकानं स्वतः रचलेत, आणि वाचताना आपण ते मुकाट्यानं खरे मानतो. हेच टॉल्किननं केलं तर फॅन्टसी आणि १९७५ साली धारवाडच्या माणसानं केलं तर रूपक?

भाषा अवघड आहे, कबूल. पण ही पोर हजार हजार पानांचे इंग्रजी ठोकळ्यांचा फडशा पाडते. तिला अवघडाची भीती नाही, कंटाळ्याची आहे.

तिखटजाळ

बरं, नाव काहीही द्या. विहीर खोलच आहे.

रात्रपाळी

धारपांबद्दल कुणीच बोलेना, म्हणून. 'लुचाई' रात्री अडीचला संपवली होती, नंतर बाथरूमचा दिवा चालू ठेवून झोपलो. तरी सुचवताना सांगून टाका की ती स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली आहे. मुलगी इंग्रजी वाचणारी, उद्या मूळ हाती लागलं तर म्हणेल, मामानं उसनं दिलं. धारपांची कमाल अशी की गोष्ट परकी असूनही वाडा, ओसरी, कंदिलाचा वास सगळं आपलं. पण विचारलंय साय-फाय आणि फॅन्टसी, आणि हे भय. खातं वेगळं.

परदेशी पाव्हणा

न्यू जर्सीतून. आमच्या चिरंजीवांचं मराठी ऐकण्याइतपत आहे, वाचण्याइतपत नाही, म्हणून रोज रात्री मी मोठ्यानं वाचतो. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न, 'चंद्रावर स्वारी', 'मुक्काम शेंडेनक्षत्र', अजूनही पळतो. 'शेंडेनक्षत्र' म्हणजे धूमकेतू, हे सांगितल्यावर कार्ट्यानं तो शब्द शाळेत वापरला म्हणे! मुग्धा कर्णिकांनी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चं 'स्वामी मुद्रिकांचा' केलंय, त्याचा पहिला भाग सध्या चालू आहे. जिने इंग्रजीत वाचलंय तिला मात्र हे देऊ नका, ती फक्त तुलना करत बसेल.

बगळेबुवा

खरं बोलायचं तर मराठीत फॅन्टसी नाहीच. दोन दीर्घकथा म्हणजे परंपरा नव्हे. ज्यांच्या घरी मारुती सूर्य गिळायला उडतो, त्यांना नवा राक्षस रचायची गरज पडली नाही.

खडूफळा

मारुती ग्रीकांच्या घरी नसेल, पण त्यांच्याकडेही देव होतेच की. आणि 'नाहीच' कसं? नाथमाधवांची 'वीरधवल' आहे. गो. ना. दातारांची 'कालिकामूर्ती', 'इंद्रभुवनगुहा' आहे. भुयारं, गुप्त दारं, कपटी मंत्री. आमच्या वडिलांची पिढी ही पुस्तकं अभ्यासाच्या वहीत लपवून वाचायची. दातारांनी रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांवरून घेतलं हे खरं, पण वाचणाऱ्याला तो कोण हे ठाऊक नव्हतं आणि फरकही पडत नव्हता. वाट पुढे बुजली, कारण सामाजिक कादंबरी म्हणजे शहाण्यांची आणि ही म्हणजे पोरासोरांची, असं आपण मास्तर लोकांनी ठरवलं. यात मीही आलो.

रात्रपाळी

+१. सर, हे शेवटचं वाक्य फ्रेम करून ठेवतो.

तिखटजाळ

अरुण साधूंची 'विप्लवा' कुणीच कशी घेतली नाही? 'सिंहासन' लिहिणारा माणूस विज्ञान कादंबरीही लिहितो, हे आमच्या भिशीत कुणाला खरं वाटेना. सुबोध जावडेकरांच्या कथाही द्या. त्यांची माणसं घाबरतात, चिडतात, बायकोशी भांडतात. मामांची आडनावाची तक्रार तिथे चालणार नाही.

अर्धवट वाचक

जावडेकर माझ्या यादीत हवे होते. राहिले, चूक झाली.

बाकी रविवारची हकिगत सांगतो. मी भाचीपुढे तीन पुस्तकं ठेवली आणि गप्प बसलो. 'रमलखुणा' तिनं उघडलं, वीसेक पानं वाचली, "भारी आहे, पण आत्ता नको" म्हणाली आणि बसचं तिकीट खूण म्हणून आत ठेवलं. धारप आईनं उचलून नेला, तो अजून परत आलेला नाही. गंगाधरपंत तिनं एका बैठकीत संपवले. राजेंद्रचं व्याख्यान? "ते मी गाळलं," म्हणाली. खडूफळा सर, हसू नका.

रात्री फोन आला: "मामा, ती भाऊसाहेबांची बखर खरीच आहे का? कुठे मिळेल?"

खडूफळा

हसतोय. आहे, खरीच आहे. अप्पा बळवंत चौकात विचारा, तिथे नसेल तर माझी प्रत देतो. मात्र पानं मोजून परत घेईन.