लष्करी ट्रकच्या मॉडेलवर गंज चढवायचा तरी किती?

गोकुळपेठी (धागाकर्ता)

सध्या टेबलावर शक्तिमान हा लष्करी ट्रक आहे. 1/35 प्रमाणात, प्लास्टिक शीट कापून बनवलेला. चेसिस, पाटे, हौदा, तिन्ही फाळके, ते लांब नाकाचं बोनेट, सगळं जोडून झालं. आता रंग. आणि रंगापाशी गाडी आली की आपल्यात दर वेळी एकच सल्ला मिळतो: गंज मार, चिपिंग (रंगाचे टवके उडालेले दाखवणं) वाढव, तेव्हाच मॉडेल जिवंत दिसेल. मला हे अजिबात पटत नाही.

शक्तिमान जर्मनीच्या मान (MAN) कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला 1959 पासून बनत होता. जबलपूरचा रस्ता नागपुरातूनच जातो आणि कामठीची छावणी शहराला लागून, त्यामुळे लष्करी गाड्या आपण लहानपणापासून पाहतो. त्यातली एक तरी गाडी दारापासून चाकापर्यंत गंजून पोपडे सुटलेली रस्त्यावर धावताना पाहिली आहे का कोणी? मी तरी नाही. धूळ पाहिली, चिखल पाहिला, चेपलेलं मडगार्ड पाहिलं. गंजून सडलेली गाडी भंगाराच्या यार्डात असते.

दुसरी गोष्ट मापाची. 1/35 मध्ये 1 मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीवर साडेतीन सेंटिमीटर. स्पंजने सहज टेकवलेला 2 मिलिमीटरचा ठिपका म्हणजे दारावर सात सेंटिमीटरचा रंग उडालेला डाग. असे चाळीस ठिपके एका दारावर मारले तर त्या दाराला रंगच उरला नाही असा अर्थ होतो. 1/72 मध्ये तर तोच ठिपका चौदा सेंटिमीटरचा!

तिसरी गोष्ट सालाची. आपल्या लष्कराच्या नंबर प्लेटवर वर टोक केलेला बाण असतो आणि त्यानंतरचे दोन अंक म्हणजे गाडी दाखल झाल्याचं साल. माझ्या प्लेटवर 84 येणार आहे आणि देखावा 1986-87 च्या हिवाळ्यातल्या ब्रासटॅक्स या लष्करी सरावाचा, म्हणजे राजस्थान. तीन वर्षांची गाडी, कोरडी हवा. गंज येणार कुठून?

माझं म्हणणं एवढंच: गाडी कोणतं काम करते, कुठे उभी राहते, कितव्या वर्षात आहे, हे आधी ठरवा. मग ब्रश उचला.

बर्डीवाला

दादा, मापाचा हिशेब बरोबर आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. मॉडेल म्हणजे गाडीचा नकाशा नाही. अठरा-वीस सेंटिमीटरची वस्तू आपण ट्यूबलाइटखाली हातभर अंतरावरून बघतो. खऱ्या ट्रकवर बोनेटखाली जी गडद सावली पडते, फाळक्याच्या बिजागरीत जो अंधार साचतो, तो एवढ्याशा वस्तूवर आपोआप पडत नाही. तो रंगवावाच लागतो. म्हणून वॉश (फटींत सोडलेला पातळ गडद रंग), म्हणून वरच्या पृष्ठभागाला फिकट रंग, खालच्याला गडद.

बेल्जियमच्या फ्रांस्वा व्हर्लिंडन यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकांत ड्राय ब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने कडांवर फिकट रंग घासणं) आणि वॉशने कडा उठवल्या, तेव्हाही लोक म्हणाले असतील की खऱ्या रणगाड्याच्या कडा अशा चमकत नाहीत. पुढे मिग हिमेनेझसारख्या स्पॅनिश कारागिरांनी एअरब्रशने एकाच पत्र्यावर तीन-तीन छटा उतरवायला सुरुवात केली. तेही 'खरं' नव्हतं. पण शेल्फवर ठेवलेली गाडी त्यामुळे बोलायला लागली. अतिशयोक्ती काढून टाकलीत तर उरेल हिरव्या रंगाचा खेळणा ट्रक.

आणि युद्धाचं काय? 1944 च्या ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये फ्रान्समध्ये रेड बॉल एक्सप्रेस चालली, म्हणजे आघाडीला रसद पोचवणारी अमेरिकन ट्रकांची अखंड रांग. जीएमसीचे अडीच टनी ट्रक रात्रंदिवस पळत होते, क्षमतेपेक्षा जास्त माल लादून. तिथे गाडी धुवायला कोणाला वेळ होता?

गोकुळपेठी

बर्डीवाला, जीएमसीचं उदाहरण तुम्ही काढलं ते बरं झालं, कारण ते माझ्याच बाजूचं आहे. त्या ट्रकचं उत्पादन 1941 मध्ये सुरू झालं. म्हणजे रेड बॉलवरची सर्वांत जुनी गाडीसुद्धा तीन-साडेतीन वर्षांची. तिचे टायर फाटलेले दाखवा, बंपर वाकलेला दाखवा, पुढच्या काचेवर वायपरच्या कमानीबाहेर धुळीचा थर दाखवा. सगळं शोभेल. पण पत्रा खाल्लेला गंज तीन वर्षांत येत नाही. वर आणखी, पोलाद वाचवायला त्यातल्या पुष्कळ ट्रकांचे हौदे लाकडी केले होते. लाकडी फळीवर गंजाचे ओघळ काढलेली मॉडेलं मी प्रदर्शनांच्या फोटोंत पाहिली आहेत. हौदा लाकडाचा की पत्र्याचा, हेही बनवणाऱ्याने बघितलेलं नसतं.

सावलीबद्दल तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. प्रकाश रंगवावा लागतो. पण प्रकाश वेगळा आणि पदार्थ वेगळा. बिजागरीतला अंधार प्रकाशाचा आहे, तो मीही वॉशने भरतो. गंज हा पदार्थ आहे. तो जिथे नाही तिथे दाखवला, तर गाडीबद्दल खोटी माहिती दिली जाते.

कामठी_रोड

मी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर होतो, शक्तिमान चालवला आहे, नंतर स्टॅलियन हा ट्रकही. तुमची चर्चा वाचून राहिलो, म्हणून लिहितो.

पोरांनो, गाडी परत आली की एमटीमध्ये (युनिटच्या गाड्यांच्या आवारात) लावण्याआधी धुणं, तेल-पाणी, हवा, हे ठरलेलंच. चाकाच्या नटापर्यंत बघितलं जायचं. त्यामुळे शांततेच्या काळातली गाडी गंजलेली दाखवली तर त्या युनिटचा अपमान आहे, हे मी स्पष्ट सांगतो.

पण गोकुळपेठी भाऊ, गाडी कोरी करकरीत पण नसते. तिच्यावर वापर कुठे दिसतो ते सांगतो. ड्रायव्हरच्या दाराचा हँडल आणि त्याच्या खालचा हातभर पत्रा, तिथला रंग घासून गुळगुळीत होतो. पायरीची कड. फाळक्याचे हूक आणि साखळी, कारण फाळका दिवसातून कितीदा आदळतो त्याला मोजदाद नाही. हौद्याचा तळ तर विचारूच नका. पेट्या ओढून ओढून तो मधोमध चमकतो आणि कोपऱ्यात मळ साचतो. डिझेल टाकीच्या तोंडाखाली ओला काळपट ओघळ, त्यावर धूळ चिकटलेली. चाकाच्या हबला ग्रीस. बोनेटच्या कडेला, जिथे रोज हात लागतो, तिथे काळसर डाग.

आणि एक. रंग परत परत ब्रशने मारलेला असायचा. त्यामुळे खरचटलं तरी लगेच पांढरा पत्रा दिसत नाही. आधी खालचा जुना हिरवा दिसतो, मग रेड ऑक्साइड, त्याच्या खाली लोखंड. तुम्ही लोक सरळ चंदेरी रंगाचा ठिपका मारता, ते चुकीचं दिसते.

बर्डीवाला

काका, हे सोनं आहे. जुना हिरवा, मग रेड ऑक्साइड, मग लोखंड, हा क्रम मी यापुढे धरणार.

पण मी माझ्या मुद्द्यावरून हटत नाही. काकांनी सांगितलेल्या जागा खऱ्या मापात काढल्या तर बघणाऱ्याला त्या दिसणारच नाहीत. हँडलखालचा घासलेला पत्रा 1/35 मध्ये नखाएवढासुद्धा नाही. तो दिसायला हवा असेल तर थोडा वाढवावाच लागेल. हौद्याच्या तळाला मी हेअरस्प्रे वापरतो: आधी गंजाचा-लोखंडाचा रंग, तो वाळल्यावर हेअरस्प्रेचे दोन हलके थर, वरून अ‍ॅक्रिलिक हिरवा. मग पाण्याने ओलं करून आखूड केसांच्या ब्रशने घासायचं. हिरवा जिथे उडेल तिथे खालचं उघडं पडतं. यात दर वेळी मापात राहणं जमत नाही आणि मला त्याची खंतही नाही. हाताने एकेक ठिपका काढण्यापेक्षा ते जास्त नैसर्गिक दिसतं.

शिवाय लेडोचा रस्ता आठवा. आसामातून ब्रह्मदेशमार्गे कुनमिंगपर्यंत, जंगल, पाऊस, चिखल. 1945 मध्ये तिथून पहिला ताफा चीनला पोचला. तिथला ट्रक मी गोकुळपेठींच्या हिशेबाने स्वच्छ ठेवायचा का?

गोकुळपेठी

अजिबात नाही. लेडोच्या ट्रकला कमरेपर्यंत चिखल लावा, मी टाळ्या वाजवीन. तो चिखल त्या रस्त्याचा आहे, त्या कामाचा आहे. माझा आक्षेप चिखलाला नाही. एकच गंज नॉर्मंडी, लेडो आणि जैसलमेर तिन्हीकडे सारखाच फासण्याला आहे.

सक्करदऱ्याची_मेधा

दोघांनाही एक विचारते. तुम्ही ट्रकवर एवढं बोलता, जमिनीवर कोणीच बोलत नाही. मी डायोरामा (मॉडेलभोवतीचा छोटा देखावा) करते आणि माझा अनुभव असा की वेदरिंग (धूळ, ऊन, वापराच्या खुणा रंगवणं) बिघडतं ते मातीच्या रंगापाशी. परदेशी बाटलीवर 'युरोपियन धूळ' लिहिलेलं असतं, आणि आपण ती पुलगावकडे निघालेल्या ताफ्यावर मारतो.

आपली काळी माती वाळली की काळी राहत नाही. उन्हाळ्यात तिची धूळ राखाडी तपकिरी उडते. ओली झाली की मात्र जवळजवळ काळी, आणि चिकट इतकी की मडगार्डच्या आत ढेकळं लागून राहतात, टायरच्या नक्षीतून सुटत नाहीत. रस्त्याच्या कडेला मुरूम असेल तर लालसर तपकिरी. रामटेककडे गेलात की माती बदलते, पिवळट लाल होते. फ्रान्समध्ये काँ शहराभोवती चुनखडी आहे, तिथली धूळ पांढरट. राजस्थानची वाळू फिकट पिवळी, आणि ती चिकटत नाही, सांध्यांत जाऊन बसते. म्हणजे ब्रासटॅक्सच्या शक्तिमानला बाजूच्या पत्र्यावर ओघळ नकोत. बोनेटच्या फटी, पायरीचा कोपरा, ताडपत्रीच्या घड्या, एवढ्या ठिकाणी फिकट पिगमेंट (सुकी रंगपूड) पुरे.

ताडपत्रीबद्दल वेगळं सांगते कारण ट्रकवर सगळ्यांत मोठा भाग तोच असतो आणि सगळे किटमधलं प्लास्टिकचं कापड तसंच ठेवतात. टिश्यू पेपर, पाण्यात पातळ केलेला फेविकॉल, आणि हौद्याच्या कमानींवर ओला असतानाच पसरायचा. दोन कमानींच्या मध्ये बोटाने हलकं दाबलं की खऱ्यासारखा झोळ पडतो. वाळल्यावर कडक होतो. उन्हाने विटलेला रंग दाखवायचा तर तो ताडपत्रीवर दाखवा: वरचा भाग फिकट, घडीच्या आत मूळ हिरवा. माझ्या मते ट्रकचं वय सांगायला गंजापेक्षा ताडपत्री जास्त उपयोगी.

इतवारीकर

मी कॉलेजात आहे, बाहेरचे पिगमेंट परवडत नाहीत. मेधाताई, खरी मातीच वापरली तर? कामठी रोडच्या कडेची आणून?

सक्करदऱ्याची_मेधा

वापर, पण नुसती नको. मातीचा 0.2 मिलिमीटरचा कण म्हणजे 1/35 मध्ये सात मिलिमीटरचा खडा. टायरवर ते गिट्टीसारखं दिसतं. मलमलच्या कापडातून गाळ, खाली जी पीठासारखी धूळ पडते तेवढीच घे. फेविकॉलच्या पाण्यात ती गडद होते, म्हणून आधी टाकाऊ प्लास्टिकवर लावून वाळू दे. पत्र्यावरच्या पातळ धुळीसाठी सुके पेस्टल खडू बारीक पॉलिश पेपरवर घास. तीन-चार रंगांत काम होतं.

कामठी_रोड

टायरला मातीसोबत वजन पण दाखवा रे. भरलेल्या गाडीचा टायर खाली थोडा बसतो आणि मागचे पाटे सपाट होतात. माल भरलेला आणि गाडी ताठ उभी, हे पाहिलं की मला आधी तेच खटकते.

बर्डीवाला

हे मात्र खरं. टायरचा तळ पॉलिश पेपरवर थोडा घासून सपाट करतो मी. आणि रबरी टायर असलेल्या जुन्या किटमध्ये टायर रिमवर चढवण्याआधी रिमला वार्निशचा थर द्या, काही टायरांमधलं रसायन प्लास्टिक विरघळवतं.

इतवारीकर, तुझ्यासाठी आणखी एक: सध्याच्या उन्हात दुपारी एअरब्रश चालवू नकोस. पंचेचाळीस अंशांत अ‍ॅक्रिलिक हवेतच वाळतं आणि पत्रा खरखरीत होतो. सकाळी सहाला बस, रंगात रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रावण) घाल. कूलरच्या झोतासमोर तर मुळीच नको. आणि पावसाळ्यात लॅकर मारलास तर दमट हवेने पांढरट झाक येते.

गोकुळपेठी, तुमच्यासाठी शेवटचा प्रश्न. समजा काकांनी सांगितलेल्या सगळ्या जागा तुम्ही अचूक मापात रंगवल्या आणि स्पर्धेत परीक्षकाला दोन फुटांवरून काहीच दिसलं नाही. तुमचा ट्रक मागे पडला आणि माझा गंजलेला पुढे गेला. चालेल?

गोकुळपेठी

चालेल. परीक्षक दोन फुटांवरून बघून निघून गेला तर जाऊ दे. कामठी रोडच्या काकांसारखा माणूस वाकून बघेल, तेव्हा त्याला फाळक्याच्या हुकापाशी जुना हिरवा दिसला पाहिजे, आणि डिझेल टाकीखाली धूळ चिकटलेला ओघळ. मी त्यांच्यासाठी बनवतो.

काका, टाकीच्या ओघळाबद्दल विचारायचं होतं. तो ओला असतो तेव्हा चमक किती? मी तपकिरी-काळ्या ऑइल कलरमध्ये थोडं ग्लॉस वार्निश मिसळून टोकदार ब्रशने झाकणापासून खाली ओढणार आहे, आणि कडेला वाळण्याआधी पिगमेंट टेकवणार.

कामठी_रोड

मधे चमक, कडेला नाही. आणि ओघळ सरळ खाली काढू नको, गाडी चालताना तो मागच्या बाजूला तिरपा जातो.