स्टेशनरीतला ‘ई’

इंग्रजीत वह्या-पाकिटांसारखं लेखनसाहित्य म्हणजे stationery आणि जागचं न हलणारं ते stationary. उच्चार जवळपास एकच, त्यामुळे स्टेशनरीच्या स्पेलिंगात ‘ए’ (a) की ‘ई’ (e), हे अनेकांचं दरवेळी अडतं. त्यावर ‘एन्व्हलपचा (पाकिटाचा) ई आठवा’ असा उपाय सांगतात. उपाय चोख आहे, पण माझा घोळ थांबला तो शब्दांचं नातं कळल्यावर.

दोन्ही शब्द एकाच घरातले. मध्ययुगीन युरोपात बरेचसे विक्रेते फिरते असत. विद्यापीठांच्या आसपासचे पुस्तकविक्रेते मात्र एका जागी ठाण मांडून बसायचे. म्हणून ते ‘स्टेशनर’. लंडनमध्ये त्यांचा संघ १४०३ साली स्थापन झाला. बेकरची बेकरी, ग्रोसरची ग्रोसरी, तशी स्टेशनरची स्टेशनरी. दुकानदाराच्या नावातच ‘ईआर’ आहे, तो मालात उतरतो. जागचं न हलणारं ते ‘ए’वालं.

मी एकदा ऑफिसात वह्या, पंचिंग मशीन, टाचण्यांच्या मागणीपत्रावर ठळक अक्षरात ‘ए’ घालून पाठवला होता. स्टोअरवाल्या काकांनी लाल पेनाने शेरा मारून कागद परत केला: ‘न हलणारं सामान म्हणजे कपाट हवंय का?’