रात्री २३२ व्होल्टला अडणारा सिरीयल पोर्ट

रबाळेकर (प्रश्न):
नमस्कार. रबाळे एमआयडीसीतील आमच्या कारखान्यात एका छोट्या औद्योगिक संगणकाच्या अंगच्याच आरएस-४८५ या सिरीयल (एकामागून एक बिट पाठवणाऱ्या) पोर्टावर वीजमीटर जोडला आहे. लिनक्सवर सी भाषेत लिहिलेला माझा प्रोग्राम मॉडबस आरटीयू या उपकरणांशी बोलण्याच्या पद्धतीने, फंक्शन ४ (मीटरची रजिस्टरे, म्हणजे आकड्यांचे कप्पे, वाचण्याची आज्ञा) वापरून, त्यावरील व्होल्टेज दर पाच सेकंदांनी वाचतो. वेग सेकंदाला ९६०० बिट, पॅरिटी (चूक पकडणारा जादा बिट) नाही. मीटर व्होल्टेजची दहापट पूर्णांकात पाठवतो. दिवसा २२५ ते २२८ व्होल्ट असताना चूक क्वचितच होते. रात्री यंत्रे थांबून व्होल्टेज २३२ च्या आसपास चढले, की सीआरसी (संदेशाच्या शेवटी येणारे पडताळणीचे दोन बाइट) जुळेनासा होतो आणि कधी तर पुढची विनंती बाहेरच न जाता प्रोग्राम टीसीड्रेनवर (सगळे बाइट बाहेर जाईपर्यंत थांबणाऱ्या कॉलवर) बसून राहतो. केबल बदलली, टोकाला १२० ओहमचा रोध लावला, तरी फरक नाही. तोच मीटर विंडोजच्या लॅपटॉपवर, तयार सॉफ्टवेअरने, रात्रभर बिनचूक वाचला जातो. टर्मिऑसमध्ये (लिनक्समधील पोर्टाच्या मांडणीत) मी आयकॅनॉन (ओळीओळीने वाचणे) आणि इको (आलेले परत पाठवणे) बंद केले आहेत. आणखी काय राहिले असावे?

कोपरीचा कारागीर:
तारेला दोष देऊ नका. तुमचा आकडाच उत्तर सांगतो आहे. २३२.१ व्होल्ट म्हणजे २३२१, म्हणजे ९ आणि १७ असे दोन बाइट (९ × २५६ + १७), २३२.३ म्हणजे ९ आणि १९. टर्मिनलच्या भाषेत १९ म्हणजे ‘थांब’ आणि १७ म्हणजे ‘चालू कर’. या खुणा पाळायला लावणारा आयएक्सऑन हा ध्वज (चालू-बंद करता येणारा पर्याय) लिनक्समध्ये मुळातच चालू असतो, त्यामुळे कर्नल (लिनक्सचा गाभा) हे दोन्ही बाइट गिळतो, आणि १९ आल्यावर तुमचे पाठवणेही रोखून धरतो. टीसीड्रेन १७ ची वाट पाहत बसते ते त्यामुळेच. शिवाय २३१.७ व्होल्टचा शेवटचा बाइट १३ आहे, त्याचा आयसीआरएनएल या ध्वजामुळे १० होतो. दिवसाच्या क्वचित चुका बहुधा सीआरसीच्याच दोन बाइटांत असे आकडे आल्यामुळे होत असाव्यात.

तुम्ही फंक्शन ४ वापरता, हे नशीब समजा. फंक्शन ३ असते, तर आयसिग हा ध्वज चालू असल्याने ३ हा बाइट कंट्रोल-सी (प्रोग्राम थांबवण्याची खूण) मानला जाऊन प्रत्येक उत्तर मोडले असते. जाणाऱ्या बाजूलाही ओपोस्ट आणि ओएनएलसीआर हे ध्वज चालू असताना १० च्या आधी १३ घुसतो, म्हणजे दहा रजिस्टरे एकदम मागितली की विनंतीच बिघडते.

एकेक ध्वज शोधत बसण्यापेक्षा टीसीगेटॲटरने आधीची मांडणी जपून ठेवावी, तिच्या प्रतीवर सीएफमेकरॉ (बाइटांतले असे सगळे फेरफार एकदम बंद करणारा कॉल) चालवावे, मग वेग ठरवून टीसीसेटॲटरने ती लागू करावी. सीएफमेकरॉ पॅरिटी पुसून टाकते, म्हणून ज्यांना इव्हन पॅरिटी हवी आहे त्यांनी ती नंतर लावावी. आणि टीसीसेटॲटर मागितलेल्यांपैकी एक जरी बदल झाला तरी यश कळवते. मांडणी परत वाचून ताडून पाहिलेली बरी.

ऐरोली-९६००:
वरील निदान पटले. एक भर घालतो. सीएफमेकरॉनंतर, निदान जीलिबसीमध्ये (लिनक्सच्या नेहमीच्या सी लायब्ररीत), व्हीमिन (किमान किती बाइटांसाठी थांबायचे) १ आणि व्हीटाइम (किती वेळ थांबायचे) ० होतात, म्हणजे मीटर बंद पडला तर रीड (बाइट वाचणारा कॉल) कायमचे अडकेल. व्हीमिन शून्याहून मोठे ठेवून व्हीटाइम दिले तरी तेच होते, कारण ते घड्याळ पहिला बाइट आल्यावर सुरू होते. पहिल्या बाइटासाठी पोल (ठरवलेला वेळच वाट पाहणारा कॉल) वापरावे, हे मला सर्वांत निर्धोक वाटते. व्हीटाइमने चौकटीचा (एका पूर्ण संदेशाचा) शेवट ओळखण्याचा मोह मात्र टाळावा: त्याचे एकक सेकंदाचा दहावा भाग आहे, तर मॉडबसची दोन चौकटींमधील साडेतीन अक्षरांची शांतता ९६०० वर जेमतेम ४ मिलिसेकंद असते. उत्तराचा तिसरा बाइट पुढील माहितीची लांबी सांगतो. त्यात ५ मिळवले की पूर्ण चौकट किती बाइटांची, ते कळते.

रबाळेकर:
दोघांचेही आभार. आलेले बाइट हेक्समध्ये छापून पाहिले, तेव्हा चुकलेल्या बहुतेक चौकटी सातऐवजी सहाच बाइटांच्या निघाल्या. सीएफमेकरॉ घातल्यापासून दोन रात्री एकही चौकट चुकलेली नाही. मीटरचा वीजपुरवठा मुद्दाम तोडल्यावर रीड खरोखरच अडकले. आता पोल लिहायला घेतो.