आईला चालताना दम लागतो, पाठ दुखते. डॉक्टर म्हणतात "टेन्शन घेऊ नका". काय करावं?

कल्पना (पूर्व भाग, सोलापूर)

आई ५४ वर्षांची आहे. लग्नाआधीपासून बिड्या वळते. दिवाळीनंतर तिचं असं सुरू झालंय की बिडी कंपनीच्या ब्रँचला वळलेल्या बिड्या द्यायला निघाली की चौकापर्यंत जाईतोवर दम लागतो, दोन्ही खांद्यांच्या मधे पाठीत दुखतं, कधी जबडा आवळून येतो. घाम येतो, मळमळतं. कुणाच्या तरी कट्ट्यावर जरा टेकली की थांबतं. गच्चीवर वाळवण घालायला जाणं तर तिने सोडूनच दिलंय.

नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बीपी बघितलं आणि विचारलं, "घरात काही वाद आहेत का?" मग ॲसिडिटीची गोळी आणि रात्रीसाठी झोपेची गोळी. "पाळी जाताना बायकांना असं होतं, मन रमवा." तिची पाळी जाऊन वर्षं झाली, हे मी सांगत होते तेवढ्यात त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

आता मी खरं कशासाठी लिहितेय ते. गेल्या वर्षी बाबांना ह्याच दवाखान्यात नेलं होतं. बाबा एवढंच म्हणाले, "छातीत जरा जड वाटतंय." लगेच ईसीजी काढला, रक्त घेतलं, संध्याकाळपर्यंत टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफीसुद्धा झाली. सगळं नॉर्मल निघालं, बरंच झालं. पण घरात वाद आहेत का, असं बाबांना कुणी विचारलं नाही. घर एकच, डॉक्टर एकच. आईला तपासताना ते ईसीजीचं मशीन त्याच खोलीत, टेबलाशेजारी ट्रॉलीवर होतं. वर कापड टाकलेलं. माझी नजर सारखी तिकडे जात होती.

मग दुसऱ्या, मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे झोपवून ईसीजी काढला आणि "नॉर्मल आहे, मनाचं आहे" म्हणाले. तेही आईला नाही, माझ्या भावाला. तो पुण्यात असतो, त्या दिवशी फक्त गाडी घेऊन आला होता. आई समोर बसलेली असताना त्याला सांगतात, "त्यांना जरा अक्कलकोटला, तुळजापूरला फिरवून आणा."

आता आईच म्हणायला लागलीय, "डॉक्टर म्हणतेत तर मनाचंच असंल की गं. उगं पैसे घालू नको." हे मला सहन होत नाही. पूर्वी दिवेलागणीपर्यंत तिच्या हजार बिड्या व्हायच्या. आता सहाशे होईपर्यंत रात्रीचं जेवण थांबतं. ही बाई दुखण्याचं सोंग करणारी नाही.

कुठली तपासणी मागू? आपण मागितली की डॉक्टरांना राग येतो, तेव्हा कसं बोलायचं? लेडी डॉक्टरकडे नेलं तर फरक पडेल का?

वैशाली (एमडी मेडिसिन)

कल्पना, आधी महत्त्वाचं. बसल्या जागी त्रास झाला, किंवा थांबूनही दहा मिनिटांत कमी झाला नाही, तर १०८ ला फोन करा. सकाळची वाट बघू नका.

चालताना येतो आणि थांबलं की जातो, असा त्रास हृदयाचा नाही हे सिद्ध होईपर्यंत हृदयाचाच धरायचा असतो. झोपवून काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणून हृदय ठीक आहे असं होत नाही. धमनीत अडथळा असला तरी आराम करताना हृदयाला रक्त पुरतं, चढ चढताना कमी पडतं. म्हणून टू-डी इको आणि स्ट्रेस टेस्ट (हृदयावर ताण देऊन केलेली तपासणी) मागा. पट्ट्यावर चालवून करायची साधी स्ट्रेस टेस्ट बायकांमध्ये जास्त वेळा फसवी येते, त्यामुळे डॉक्टर स्ट्रेस इको (ताण देऊन केलेली इको) किंवा सीटी अँजिओ (हृदयाच्या धमन्यांचा सीटी स्कॅन) सुचवतील. सोबत हिमोग्लोबिन, साखर, कोलेस्टेरॉल, टीएसएच (थायरॉइडची तपासणी). हिमोग्लोबिन विसरूच नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय होता. रक्त कमी असेल तर हृदयाचा त्रास आणखी वाढतो.

छातीत कळ बायकांनाही येते. पण दम, पाठ, जबडा, मळमळ, थकवा ही लक्षणं त्यांच्यात पुरुषांपेक्षा जास्त दिसतात, आणि नेमकी हीच "गॅस" किंवा "टेन्शन" म्हणून सोडून दिली जातात. पाळी गेल्यावर धोका वाढतो, म्हणजे जे कारण सांगून आईंना परत पाठवलं, त्याच कारणासाठी जास्त बारकाईने तपासायला हवं होतं.

हे एका डॉक्टरचं नाही, आमच्या शिक्षणातच आहे. अमेरिकेत १९७७ पासून मूल होण्याच्या वयातल्या बायकांना नव्या औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून बाहेर ठेवायचा सरकारी दंडक होता. तो १९९३ साली उठला. झोलपिडेम ही झोपेची गोळी बायकांच्या शरीरातून हळू उतरते, म्हणून तिथे बायकांचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅम केला, तो २०१३ साली. तोवर ती वर्षानुवर्षं विकली जात होती. आईंची गोळी कोणती आहे ते पाकिटावर बघा आणि नव्या डॉक्टरांना दाखवा.

लेडी डॉक्टर म्हणजे ऐकूनच घेईल असं नाही, आम्हीही तीच पुस्तकं वाचलीत. बोलताना "कसंतरी होतं" म्हणू नका. कुठून निघाल्यावर कुठे थांबावं लागतं ते सांगा, आणि बिड्यांचा हिशेब सांगा. तपासणीला नकार दिला तर शांतपणे म्हणा, "हृदयाचं नाही हे कशावरून ठरवलं, तेवढं केसपेपरवर लिहून द्या." लिहायची वेळ आली की माणूस पुन्हा विचार करतो.

सातरस्ता

ताई, राग मानू नका, पण ओपीडीत किती गर्दी असते बघा. बायका नीट सांगतही नाहीत, घरच्या दहा गोष्टी मधे आणतात. डॉक्टर तरी काय करणार?

वैशाली (एमडी मेडिसिन)

@सातरस्ता, गर्दी मलाही आहे. पण कल्पनाच्या वडिलांनी एक वाक्य सांगितलं आणि ते पुरलं. आईंनी चालणं, दम, पाठ, जबडा, घाम सगळं सांगितलं, ते पुरलं नाही. घरचा विषय तर डॉक्टरांनीच काढला होता.

जुळे सोलापूरकर

माझं दुखणं वेगळं, अनुभव हाच. पाळीत उलटी होईपर्यंत पोट दुखायचं. शाळेत असताना "लग्नानंतर कमी होईल", लग्नानंतर "एक मूल होऊ द्या". सोनोग्राफी नॉर्मल म्हणून नवरासुद्धा बोलायला लागला. शेवटी दुर्बिणीतून एंडोमेट्रिऑसिस निघालं, म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढतं तो आजार. जगात मूल होण्याच्या वयातल्या साधारण दहातल्या एका बाईला हे असतं आणि निदानाला बऱ्याचदा वर्षं जातात. माझी विशी त्यात गेली. कल्पना, थांबू नकोस. आणि केसपेपर, रिपोर्टच्या प्रती मागून घे. मागितल्यावर ७२ तासांत द्याव्या लागतात, मेडिकल कौन्सिलचा नियमच आहे.

कल्पना (पूर्व भाग, सोलापूर)

सगळ्यांचे आभार. कळवायला उशीर झाला, धावपळ चालू होती.

नव्या डॉक्टरांकडे जाताना मी आईचं ब्रँचचं लॉगबुक नेलं. त्यात रोजच्या बिड्यांचे आकडे असतात. त्यांनी पानं उलटून दिवाळीच्या आधीचे आणि नंतरचे आकडे बोट ठेवून वाचले आणि आईलाच विचारलं, "मावशी, हात दुखतात म्हणून कमी झाल्या, की दम लागतो म्हणून?" आई म्हणाली, "दम. सूप मांडीवर घेऊन नुसतं बसायचं होत नाही, साहेब." कुणीतरी तिला विचारलं म्हणून ती भडाभडा बोलत सुटली. पहाटे पाणी भरताना थांबावं लागतं, हे मलाही माहीत नव्हतं.

हिमोग्लोबिन ८.२ आलं, म्हणजे बरंच कमी. स्ट्रेस टेस्टमध्ये दोष दिसला. अँजिओग्राफीत एका धमनीत मोठा अडथळा निघालाय. स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळी) घालायचा आहे, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं म्हणाले, रेशन कार्ड आणि आधार जमा केलंय. मंजुरी आली की तारीख मिळेल. तोवर गोळ्या चालू आहेत, झोपेची बंद केली.

रिपोर्टची झेरॉक्स मी पहिल्या डॉक्टरांना नेऊन देणार आहे. बाबा म्हणतात, कशाला वाईटपणा घेतेस. पण आमच्या गल्लीतल्या सगळ्या बिडीवाल्या बायका त्यांच्याकडेच जातात. पुढच्या बाईला दम लागला तर त्यांनी ते मशीन उघडायला हवं, एवढं मी त्यांना तोंडावर सांगणार आहे.