काफ्कात एक मेसेज अडला, तर तो बाजूला टाकायचा की पार्टिशन थांबवायचं?

खतावणी:
काफ्का म्हणजे सर्व्हिसेसमधले मेसेज साठवून पुढे देणारी यंत्रणा; त्यात मेसेजची नोंदवही म्हणजे टॉपिक, तिचे भाग म्हणजे पार्टिशन आणि मेसेज वाचणारा प्रोग्रॅम म्हणजे कन्झ्युमर. कन्झ्युमरमध्ये एक्सेप्शन (एरर) आलं की तीनदा रिट्राय, तरी जमलं नाही तर मेसेज डेड लेटर टॉपिकमध्ये, म्हणजे न जमलेल्या मेसेजच्या वेगळ्या टॉपिकमध्ये, टाकून पुढे. हा रिवाज आता बहुतेक टीममध्ये रुळला आहे. पैशांच्या नोंदींसाठी तो चुकीचा आहे, असं माझं ठाम मत आहे.

काफ्का क्रमाची हमी देतो ती एका पार्टिशनपुरती. खाते क्रमांक ‘की’ (key, मेसेज कुठल्या पार्टिशनमध्ये जाणार ते ठरवणारी खूण) म्हणून वापरायचा तो याच हमीसाठी. समजा, एका खात्यात ५००० रुपये जमा झाल्याचा मेसेज अडला आणि बाजूला गेला. मागोमाग ३००० नावे टाकायचा मेसेज आला, आणि शिल्लक अपुरी म्हणून नाकारला गेला. पैसे तर आलेले होते! दुसऱ्या दिवशी जमेचा मेसेज पुन्हा चालवला तरी तो नकार मागे घेता येत नाही, कारण तोवर त्याचा निरोप पुढच्या सर्व्हिसेसपर्यंत पोचलेला असतो. त्यापेक्षा पार्टिशन थांबवा आणि ड्यूटीवरच्या माणसाला उठवा.

रात्रपाळी:
असहमत. ते उठणारं माणूस मी आहे, म्हणून लिहिते. एका पार्टिशनमध्ये हजारो खाती असतात. एका मेसेजपायी त्या सगळ्यांना ताटकळत ठेवायचं?

आणि काही मेसेज मुळात वाचताच येत नाहीत. कुणी स्कीमा (मेसेजची ठरलेली रचना) बदलतं, कुणी भलत्याच फॉरमॅटमध्ये लिहितं. डिसिरिअलायझरचं (बाइट्सचा मेसेज बनवणाऱ्या भागाचं) एक्सेप्शन पोलमध्येच, म्हणजे मेसेज मागवतानाच येतं, तुमच्या कोडच्या हाती वाचलेला मेसेज लागतच नाही. ऑफसेट (कुठवर वाचलं त्याचा क्रमांक) तिथेच राहतो, कन्झ्युमर पुन्हा सुरू होतो, पुन्हा तिथेच पडतो. हजारदा प्रयत्न केला तरी तो मेसेज वाचता येणार नाही. थांबून काय साधलं? वर रिटेन्शन (मेसेज किती काळ ठेवायचे ती सेटिंग) बदललेली नसेल तर टॉपिकची मुदत १६८ तास. मोठ्या सुट्टीत पार्टिशन अडून राहिलं, तर मागचे चांगले मेसेजही जायची वेळ येईल.

साठवण:
रिटेन्शनचा मुद्दा तुमच्यावरही उलटतो. डेड लेटर टॉपिक हाही साधा टॉपिकच. त्याची मुदत कुणी मुद्दाम वाढवली नसेल तर तोही ७ दिवसांनंतर पुसला जायला लागतो. ‘बाजूला ठेवलंय’ म्हणून निश्चिंत राहिलेल्या टीमला हे बहुतेक वेळा उशिरा कळतं.

रात्रपाळी:
हे शंभर टक्के मान्य. डेड लेटर टॉपिकला मुदत जास्त हवी, पहिल्याच मेसेजला अलार्म हवा आणि मालक म्हणून एक ठरलेली टीम हवी. मूळ टॉपिक, पार्टिशन, ऑफसेट आणि एक्सेप्शन हेडरमध्ये हवं. स्प्रिंग काफ्का ही जावा लायब्ररी ते लिहून देते. हाताने लिहिलेल्या कन्झ्युमरमध्ये नेमकं हेच राहून जातं.

जोडणी:
दोघंही वेगवेगळ्या बिघाडांबद्दल बोलताय. डेटाबेसच पडला असेल तर दोष मेसेजचा नाही. तेव्हा ‘तीन रिट्राय, मग बाजूला’ चालू ठेवलं तर काही मिनिटांत टॉपिकभर चांगले मेसेज डेड लेटरमध्ये जमा होतात. तिथे थांबायलाच हवं, पण नीट. लूपमध्ये स्लीप टाकून बसू नका. दोन पोलमध्ये मूळ सेटिंगप्रमाणे ५ मिनिटांहून जास्त वेळ गेला, की कन्झ्युमर ग्रुपबाहेर पडतो, रिबॅलन्स (पार्टिशनची नव्याने वाटणी) होतो आणि तोच मेसेज दुसऱ्या कन्झ्युमरच्या गळ्यात पडतो. पार्टिशन पॉज करा आणि पोल चालू ठेवा.

मेसेजच खराब असेल तर फक्त ते खातं अडवा. अडलेल्या खात्यांचं टेबल ठेवा; त्या खात्याचा पुढचा प्रत्येक मेसेज क्रमाने त्याच टेबलात जाईल. बाकीची खाती चालू.

खतावणी:
हे मला चालेल, पण दोन अटींवर. मेसेजचा आयडी आणि शिल्लक एकाच डेटाबेस ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा, म्हणजे पुन्हा चालवताना दुबार जमा होणार नाही. आणि साठलेले मेसेज चालवून पूर्ण होईपर्यंत त्या खात्याचा नवा मेसेज मध्ये घुसता कामा नये. टेबलातून खातं आधी काढलं आणि मेसेज मग चालवले, तर क्रम गेलाच.

मेसेजची ‘की’च वाचता येत नसेल तर कुठलं खातं अडवायचं तेच कळत नाही. तिथे पार्टिशन थांबवण्यावर मी ठाम आहे.

जिज्ञासू:
काफ्का ४.० मधल्या शेअर ग्रुपने हा प्रश्न सुटत नाही का? त्यात एकेक मेसेज स्वीकारता, परत करता किंवा नाकारता येतो ना?

जोडणी:
येतो, आणि किती वेळा द्यायचा यालाही मर्यादा आहे, मूळ सेटिंगमध्ये ५. पण एका पार्टिशनचे मेसेज अनेक कन्झ्युमरमध्ये वाटले जातात, त्यामुळे खात्याचा क्रम टिकत नाही. ई-मेल पाठवायला उत्तम, खतावणींच्या नोंदींना नाही.

रात्रपाळी:
‘की’ वाचता न आल्यावर थांबणं मला अजून पटत नाही. तो मेसेज टॉपिकमध्ये शिरलाच कसा, हे आधी विचारा. स्कीमा रजिस्ट्रीत (सगळे स्कीमा नोंदवण्याची जागा) कंपॅटिबिलिटी तपासणी चालू करा, म्हणजे नवा स्कीमा जुन्याशी जुळतो का ते पाहिलं जाईल, आणि त्या टॉपिकवर लिहायची परवानगी एकाच सर्व्हिसला द्या. तुमचं पार्टिशन अडतं तेव्हा चूक करणारी प्रोड्यूसर (मेसेज लिहिणारी) टीम झोपलेली असते. अलार्म तिच्याकडे वाजायला हवा.